आक्काचा पहिला आकडा

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. बहुतेक वेळा हसू झालं आणि विषय संपला. एका मूर्खपणाखाली मात्र माझी सही आहे. चांगली वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली. आक्काच्या अंगठ्याशेजारी, साक्षीदार म्हणून.

आक्का आमच्या दवाखान्यातली रोजंदारीवरची आया. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तो सरकारी दवाखाना. मी तिथली नर्स, सत्तावीस वर्षांची. पांढरी टोपी चार पिनांनी घट्ट बसवलेली. टोपीखाली फारसं काही नव्हतं, ते पुढे कळलं. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली अंघोळ आक्काच्या पायांवर व्हायची. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायची आणि मग बाळाला दटावायची, "उना का रे? कितला उशीर कया!" जणू पाव्हण्याची गाडी चुकली होती.

खोटं तिला जमायचंच नाही. एकदा जिल्ह्याचे साहेब न सांगता तपासणीला आले. डॉक्टर राउंडवर आहेत, असं मी पापणीही न हलवता सांगितलं. मागून आक्का, "नही साहेब, डाक्टर घर जेवाले जायेल शे. जेवीसन झोपस बी." डॉक्टर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मी ओरडले तर म्हणाली, "काय करू बाई, तोंडमा येस ते बोलाई जास."

पण बीपीचा पट्टा दंडाला बांधला, की हीच बाई घामाघूम. पारा सरसर वर. पट्टा सोडायचा, चहा पाजायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि पुन्हा मोजायचं. तेव्हा कुठे ठीक. नव्या पोरींना मी तिच्याच दंडावर शिकवायचे, ऐटीत. "पहिला आकडा लिहायचा नाही. तो माणसाचा नसतो, भीतीचा असतो."

एका उन्हाळ्यात भरदुपारी वॉर्डातून तीन दिवसांचं बाळ नाहीसं झालं. आईचा डोळा लागला होता. बाळ शेवटचं दिसलं ते आक्काच्या हातात. "मी आंग धोईसन त्याले मायजोडे ठेवं," अंघोळ घालून आईजवळ ठेवलं, एवढंच ती सांगत राहिली. पोलिसांनी चार दिवस तिला सकाळी नेलं, संध्याकाळी सोडलं. पाचव्या दिवशी फौजदार दवाखान्यात आले. "मुंबईचे साहेब खोटं पकडायचं यंत्र घेऊन धुळ्याला येतायत. सक्ती नाही. पण ही नाही म्हणाली तर लोक काय समजतील, ते तुम्हीच बघा."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "बाई, जाऊ का?"

आणि मी, विज्ञानाची पुस्तकं वाचणारी शहाणी, म्हणाले, "जा की. खरं बोलणाऱ्याला यंत्राची कसली भीती? ते काय कोणाचा पक्ष घेतं?" फौजदारांनी संमतीचा टाइप केलेला कागद पुढे केला; मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिच्या अंगठ्याशेजारी सही ठोकली. वकिलाला विचारावं, हे सुचलं नाही. नाही म्हणायचा तिला हक्क होता. फौजदारांनी तो एका वाक्यात दिला आणि पुढच्या वाक्यात काढून घेतला, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

एसटीने धुळ्याला गेलो. मी बाहेर बाकावर बसले. दीड तासाने ती पदराने दंड पुसत आली. "बाई, दंडले तुनाच पट्टा व्हता."

छातीला नळ्या, बोटांना तारा, आणि दंडाला पट्टा. मी तशीच आत घुसले. "साहेब, पट्टा बांधला की हिचं बीपी चढतंच. तिला जरा बसवा, चहा द्या, परत मोजा."

साहेब हसले. "सिस्टर, हा दवाखाना नाही."

ती काहीतरी लपवते, असा निकाल आला. त्यावर खटला उभा राहत नाही म्हणे. पण रोजंदारीच्या आयाला काढायला खटला लागतोच कुठे? दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले, संपलं. बाजारात ती समोर आली, की बाया लेकरं पदराखाली घ्यायच्या. यातली कित्येक लेकरं तिनेच धुतलेली. आणि यंत्राने उत्तर दिल्यावर बाळ शोधायचं कुणाला सुचणार? ते आजतागायत सापडलं नाही. त्याची आई काही दिवस दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. मग तीही येईनाशी झाली.

वर्षभराने धीर करून मी आक्काच्या लेकाच्या घरी गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी तिचे पाय धरले. म्हटलं, "आक्का, यंत्र चुकलं. मी चुकले. तू बाळ आईजवळ ठेवलंस, मला ठाऊक आहे."

तिने माझे हात हळूच बाजूला केले. रागाने नव्हे, समजूत घालावी तसे.

"मले बी तसंच वाटे, बाई. पन मशीननं मन्हासंगे काय वैर? मीच दिधं व्हई ते पोर कोनले तरी. मले याद नही, मशीनले याद शे."