लोखंडी रंगाचं कपाट

लग्नात पोरीला लोखंडी कपाट द्यायचं, ही आमच्याकडची रीतच. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला तर कपाट नसलं की बघणारे नाक मुरडायचे. आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ऐपत कपाटापर्यंत पोचत नव्हती. माझं सासर हुपरीचं. पैंजणाचं काम घरातच चालायचं, खाऊनपिऊन सुखी माणसं. त्यांच्यापुढं आपली मान खाली जाऊ नये, एवढंच आबांच्या डोक्यात बसलं होतं.

आबा कोल्हापुरात एका कारखान्यात कामाला. तिथं मशिनी यायच्या त्या लाकडी खोक्यांतून, आणि रिकामी खोकी फोडून जळणाला जायची. त्यातल्या फळ्या आबा मागून घेऊन सायकलवरून घरी आणायला लागले. खिळे उपटले, रंधा मारला, कपाट उभं केलं. इथवर झकास होतं. मोरपंखी रंग देऊन लाकडाचं म्हणून दिलं असतं, तर कोण काय म्हणणार होतं? पण ऐकतील तर शपथ! फटी बुजवायला रंगाऱ्याची लांबी भरली, काचपेपरनं घासून घासून अंग गुळगुळीत केलं आणि वर दिला तो दुकानातल्या कपाटाचा राखाडी रंग. जुन्या बाजारातून तसलीच मूठ आणून बसवली.

आई म्हणाली, "अवो, कळंल की!"

"कुणाच्या बाला कळत न्हाय. जरा लांबनं बघ."

लांबनं खरंच कळत नव्हतं. मीसुद्धा खूश होते.

लग्न लागलं, जेवणं उरकली. हॉलमधलं सामान टेम्पोत चढवायला वऱ्हाडातले चौघं दणकट गडी पुढं आले. बाह्या सारल्या, खाली वाकले. "जपून रं, लोखंडी हाय," असं एकानं बजावलंसुद्धा. आणि सगळ्यांनी मिळून असा जोर लावला की कपाट भसकन वरच आलं! मागचा गडी तोल जाऊन बुडावर आपटला. दुसऱ्यानं बोटानं टकटक वाजवून बघितलं. "आयला, लाकडाचं हाय की हे!"

झालं. अख्खा हॉल हसला. बँडवालेसुद्धा हसले. सासरे मोठ्यानं म्हणाले, "पावणं, सांगायचं तरी की! एकट्यानं उचललं असतं!" त्यांच्या मनात काही नव्हतं, स्वभावच तसा. पण मी मुंडावळ्या बांधून उभी, तोंड कुठं लपवू? आबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. गादीची बांधलेली दोरी सोडून परत बांधत बसले. मला त्यांची लाज वाटली. खोटं कशाला बोलू? भयंकर लाज वाटली.

सासरी कपाट मागच्या खोलीत गेलं, न्हाणीच्या भिंतीला. पंचमीला आबा मला न्यायला आले. बाहेर पावसाची झोड. चहा व्हायच्या आत ते थेट मागं गेले, खाली वाकून फळीला हात लावून बघितला आणि तिथूनच ओरडले, "अवो, ही भिंत ओली हाय! हलवा हे इथनं. लाकूड हाय, फुगंल!"

लग्नात जो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता, तो असा सगळ्यांसमोर निघाला. नणंद ओढणी तोंडाला लावून हसायला लागली.

सासूबाईंनी तिच्यावर डोळे वटारले आणि आबांना अगदी मायेनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो, पावणं. फुगलं तर फुगलं. दिवाळीला आमी लोखंडी घेणारच हाय सूनबाईला."

आबा उठले. धोतराला हात पुसले. "घ्या की," म्हणाले, "घ्यायलाच पायजे." त्या बाईंचा एवढा चांगुलपणा मला त्या दिवशी सोसला नाही.

त्यानंतर आबा न्यायला आले की दारातच उभे राहायचे. सासूबाई म्हणायच्या, "आत या की, पावणं." आबा म्हणायचे, "न्हाय, गाडी चुकंल." हुपरीहून कोल्हापूरला गाड्यांना काय तोटा होता? एक गेली की मागून दुसरी. मीही पिशवी घेऊन निमूट पायात चपला घालायची.