कोरियन काढा आणि डाळिंबी ब्लाउज

मुग्धाच्या लग्नाआधी आमच्या घरात एकाच माणसाचं वजन उतरलं, आणि तो माणूस मी नव्हे.

मी तेव्हा साठीची, म्हणजे आताच्या मानाने पोरसवदा आणि तितकीच आगाऊ. लेकीच्या लग्नात माझ्या आईचा शालू नेसणार, वर तिचाच डाळिंबी ब्लाउज घालणार, हे मी कॉव्हेंट्रीतल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना सांगून बसले होते. घालून बघितला, तर हुक एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत.

त्या दिवसांत मी दुपारभर कोरियन मालिका बघायची. त्यांत रडणारी माणसं पुष्कळ, जाडं एकही नाही! म्हणून गावात कोरियन वैद्यकी करणाऱ्या डॉक्टरबाई आहेत असं कळताच मुग्धाला घेऊन मी तिथे हजर. बाईंनी बोटांनी नाडी बघितली, घाम किती येतो, झोप कशी लागते ते विचारलं. त्यांच्या शास्त्रात माणसांच्या प्रकृती चार. माझी म्हणे साठवून ठेवणारी. (आमचा लॉफ्ट न बघता कसं ओळखलं कोण जाणे.) मग कडू काढ्याची पाकिटं दिली, बार्ली आणि मुळ्याचं गरम सूप सांगितलं, आणि आठवड्यातले दोन दिवस पोटाला विश्रांती. त्या दिवशी भात, गहू, डाळ, सगळं बंद.

बसमध्ये मी मुग्धाला म्हटलं, "अगं, हा तर आपला उपास! यात मला कोण शिकवणार?"

आणि मी विश्रांती सुरू केली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, मध्येच राजगिऱ्याचा लाडू. धान्याचा कण नाही. काढाही घ्यायची, फक्त वर गुळाचा खडा. उरलेल्या दिवशी सूप मनापासून करायची, एक चमचा चाखायची आणि यांच्यापुढे ठेवायची. "अहो, तुमच्याही तब्येतीला बरं." हे ताटात येईल ते मुकाट्याने खाणारे. खात राहिले.

पुढच्या भेटीला काट्यावर चढले, तर काटा वर सरकलेला. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, विश्रांतीच्या दिवशी काय खाता? वैद्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी साबुदाणेवड्यांचा डबा नेलाच होता. तोच अभिमानाने उघडून पुढे केला. बाईंनी एक वडा खाल्ला. मग दुसरा. बोटं पुसली.

"ही विश्रांती?"

"हो. धान्य अजिबात नाही."

"आमच्या शास्त्रात माणसं चार प्रकारची," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाचव्या."

मला तो गौरवच वाटला. मुग्धा मात्र खाली बघत पुटपुटली, "आई, तू त्यांना बटाट्याचा कीस पण सांगितलास का?"

लग्न तोंडावर आलं. ब्लाउज तिथेच अडलेला, आणि इकडे यांच्या नव्या सुटाची पँट बेल्ट लावूनही घसरायला लागलेली. दोन्ही कपडे घेऊन शिंप्याकडे गेलो. त्याने यांच्याकडे नि माझ्याकडे आलटून पालटून बघितलं. सुटातून काढलेलं काळं कापड त्याने माझ्या ब्लाउजला दोन्ही बगलांत जोडून दिलं. वर पदर आला की कोणाला दिसतंय?

फोटोत आम्ही दोघं फार शोभून दिसतो. यांचं जेवढं गेलं, तेवढं माझ्याकडे आलं. घराबाहेर मी काही जाऊ दिलं नाही!