औषधाबरोबर काय खाल्लंत?

मेडिकलच्या दुकानात औषधांना एक्स्पायरी असते, किश्श्यांना नसते. इकडे गुजरातेत, सुभानपुऱ्यातल्या आमच्या दुकानात एवढे किस्से साठलेत, की रॅक कमी पडतील! मी दुपारची काउंटरवर बसायची, बाकी सगळा कारभार ह्यांचा. लोक हसतात हे किस्से ऐकून. मलाही हसू येतं, पण आधी लाज वाटते. कारण त्यातल्या बहुतेकांत आमचे हे आहेतच.

ह्यांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा, तर "डॉक्टरनी चिठ्ठी लाव्या छो?" म्हणजे, डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत का? समोर कोणीही असो, साधं खोकल्याचं औषध मागो, पहिला प्रश्न हाच. एकदा माझी आई पुण्याहून आली होती. तिनं डोकेदुखीची गोळी मागितली, तर तिलाही विचारलं. गुजरातीत! आई बिचारी बाम चोळून झोपली.

दुसरा प्रश्न, "औषधाबरोबर काय खाल्लंत?" तो प्रश्न बरोबरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आवाजाबद्दल. हे दुकानात विचारत, ते समोरच्या दळणाच्या गिरणीत ऐकू जाई.

जोशीवहिनी शाळेत शिकवायच्या. अशक्तपणा म्हणून महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या चालू, पण चेहरा पांढराफटक तो पांढराफटकच. ह्यांनी उलटतपासणी घेतली. गोळी चहाबरोबर जात होती.

"चहानं लोह अंगी लागत नाही, वहिनी. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास चहा बंद!"

वहिनींनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, मग अशक्तपणाच राहू दे."

बाजव्याच्या रिफायनरीतला सावंत म्हणून एक पोरगा होता, एकटा खोली घेऊन राहायचा. अंगावर गळवं आलेली, औषध चालू, पण फरक नाही. का? तर गोळी गरम पडते म्हणून वर पेलाभर दूध! रत्नागिरीहून आईनं एसटीडीवर बजावलेलं. ह्यांनी समजावलं, की ह्या गोळीला दूध चालत नाही, औषध पोटातच अडकून बसतं.

आठ दिवसांनी सावंत आला. गळवं बरी झाली होती, तोंड मात्र उतरलेलं. "आईला सांगितलं, दूध बंद केल्यावर गुण आला."

"मग?"

"म्हणाली, दुकान बदल!"

आता गोरव्याच्या एका कारखान्यातल्या मॅनेजरसाहेबांचं. पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिलेल्या. त्यावर दारूचा थेंबही चालत नाही, उलट्या होतात, छाती धडधडते. सांगायलाच हवं होतं. पण भर रांगेत? दारूबंदीच्या गुजरातेत? आणि रांगेत मागे साहेबांचे व्याही उभे!

"साहेब, दारू घेता का?"

गिरणीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागले.

"छे छे! आमच्या घरात कांदासुद्धा नाही!" साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब आडवे. लालबुंद चेहरा, उलट्यांवर उलट्या. बाईसाहेबांनी सांगितलं, प्रसादाचा शिरा बाधला. दोन दिवसांनी दुपारी त्या आल्या, दुकानात मी एकटीच आहे हे बघून. हळूच म्हणाल्या, "भाभी, गोळ्या संपल्यावर प्रसाद केव्हा चालू करायचा?"

त्यानंतर ह्यांनी दुकानात पाटी लावली. 'काय खाता-पिता ते डॉक्टरांना खरं सांगा.' मराठी, गुजराती आणि इंग्रजीत. मी म्हटलं, "खालच्या आवाजात विचारा, अशी एक पाटी आतल्या बाजूला लावू का?" दोन दिवस बोलणं बंद.

पवारकाकू रेल्वेतल्या. सगळी सोसायटी पक्की शाकाहारी, त्यामुळे काकू खिडक्या लावून, उदबत्ती लावून बांगडा तळायच्या. त्यांना टीबीची औषधं सुरू झाली. तेही त्यांनी लपवलं. त्या औषधावर बांगडा खाल्ला आणि चेहरा टोमॅटोसारखा, डोकं ठणकतंय. आजूबाजूच्या बायका धावत आल्या, "शुं थयुं? शुं थयुं?"

काकूंनी मला बाजूला घेतलं. "ह्या बायकांना काहीतरी सांगायला हवं. टीबीचं सांगते."

"आणि बांगड्याचं?"

"वेडी आहेस का? घर खाली करावं लागेल!"

हे सगळे लोकांचे. आता घरचा.

माझे सासरे, अप्पा. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ राहण्याची गोळी जन्मभराची. रक्त घट्ट झालं तर गुठळी होऊन झडपच बंद पडायची, फार पातळ झालं तर रक्तस्राव. त्यामुळे दरमहा तपासणी. पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ह्यांनी घरात मेथी, पालक, सगळ्यांना बंदी केली. अप्पा मुकाट्यानं दुधी खात. रिपोर्ट दरमहा उत्तम. हे गिऱ्हाइकांना सांगत, "पथ्य पाळावं तर आमच्या अप्पांनी!"

एका दुपारी दुकान लवकर बंद करून आम्ही घरी आलो. शेजारच्या टेनामेंटच्या ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यावर, अप्पा बसलेले, हातात वाटी, वाटीत मेथीची भाजी! शेजारी कोकिलाबेन, पलीकडे त्यांचे सुरतेहून आलेले पाहुणे.

"कोकिलाबेन, माझ्या बापाच्या जिवाशी खेळताय तुम्ही!"

"वसंतभाई, काका तो रोज..."

"एक शब्द बोलू नका!" ह्यांनी अप्पांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि अप्पांना दंडाला धरून घरी आणलं. मी फाटकाशी भाजीची पिशवी घेऊन उभी. वीस वर्षांचा शेजार. माझी दोन्ही बाळंतपणं कोकिलाबेनच्या डिंकाच्या लाडवांवर झालेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्यानंतर त्या घरून काही आलं नाही. त्यांची वाटी आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर तशीच. आमच्या गल्लीत वाटी रिकामी परत करत नाहीत, आणि भरून न्यायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या तपासणीच्या आतच अप्पांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर काळेनिळे डाग. धावत डॉक्टरांकडे गेलो. रक्त भलतंच पातळ झालेलं!

"खाण्यात काय बदललं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बदललं म्हणजे चांगलंच झालं," हे म्हणाले. "चोरून मेथी खात होते. ती मी बंद केली."

"अहो, ती मेथी धरून तर मी डोस बसवला होता! रोज दुपारी एक वाटी. अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय मला."

ह्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "डॉक्टरांना खरं सांगावं. तुझ्याच दुकानात लिहिलंय."

"आणि मला?"

"तू ओरडतोस रे."

डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली. मग म्हणाले, "एक तर डोस पहिल्यापासून बसवू, नाहीतर वाटी पूर्वीसारखी चालू करा."

"वाटी," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी मी कोकिलाबेनची वाटी घासून तीत साखर भरली. हे पुढे, मी मागे. ओटल्यावर चार-पाच बायका वालपापडी निवडत बसलेल्या. हे त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज इतका खाली, की मलाही जेमतेम ऐकू आला.

"मारी भूल थई गई, कोकिलाबेन. अप्पांची मेथी... पुन्हा द्याल?"

कोकिलाबेननी पदराला हात पुसले. वाटी घेतली, साखर पाहिली. मग चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघत म्हणाल्या,

"डॉक्टरनी चिठ्ठी लाव्या छो?"