डाक्तर बदलला, आत्या तीच

कल्याणच्या सरकारी दवाखान्यात नवा डाक्तर आला की तो आमच्या आत्याला पहिल्यांदा विचारायचा, "बाई, नवऱ्याचं नाव काय?" आणि आत्या उखाणा घ्यायची. नवऱ्याचं नाव तसं कोणतीच बाई घेत नाही. बाकीच्या बायका अशा वेळी शेजारणीला कोपर मारतात, मग शेजारीण नाव सांगते. आत्याला ते पटायचं नाही. "नवरा माझा, नाव तिने का घ्यावं?" असं म्हणून ती पदर सावरून उभी राहायची. बाकावरचे तापवाले, खोकलेवाले सगळे गप्प व्हायचे.

"खाडीला आली भरती, होड्या लागल्या काठाला, रघुनाथरावांचं नाव घेते, डाक्तर लागला पाठीला."

डाक्तर कंपौंडरकडे बघायचा. कंपौंडर 'रघुनाथ' एवढंच लिहून घ्यायचा आणि बाकीची भरती-ओहोटी सोडून द्यायचा. आत्या मग समाधानाने स्टुलावर बसायची. जणू काम झालं, आता औषध नाही मिळालं तरी चालेल.

आत्याला मधुमेह झालेला. तो ओळखला आमच्या वैद्यबुवांनी. म्हणजे खरं तर मुंग्यांनी ओळखला. परसात, जिथे मुंग्यांचं काही काम नाही अशा जागी त्यांची रांग लागायला लागली. आत्या घागरभर पाणी प्यायची आणि वाळत चाललेली. वैद्यबुवा आले, नाडी बघितली, परसात जाऊन मुंग्या बघितल्या आणि म्हणाले, "हा राजरोग." आत्या उलट खूश झाली. "आमच्या घरात राजासारखं एवढं एकच आलं," असं ती सगळ्या आळीला सांगून आली. वैद्यबुवांना तिचं सगळं ठाऊक होतं. तिला लहानपणी गोवर कधी आला, तिची आई कशाने गेली, ती खोटं कधी बोलते, सगळं. त्यांनी आंबिवलीकडच्या जांभळांच्या बियांची पूड दिली, कारल्याचा रस दिला, आणि वर दम दिला, "लाडू चोरून खाल्लास तर नाडी मला सांगेल." नाडी सांगायचीही. मग एका थंडीत वैद्यबुवाच गेले. तिथून आत्याचा सरकारी दवाखाना सुरू झाला.

सरकारी दवाखान्याची गंमत अशी, की औषधं तीच, बाटल्या त्याच, कंपौंडर तोच. बदलतो तो फक्त डाक्तर. सरकारला वाटत असावं, की एक डाक्तर फार दिवस ठेवला तर त्याला रोग्यांची माहिती होईल. आत्या म्हणायची, "डाक्तर नवा आला की माझा आजार नवाच होतो. काल झाल्यासारखा पहिल्यापासून सांगायचा."

पहिला आला तो पारशी डाक्तर. गोरापान, लांब डगला. "बाई, तुमी भात खाते?" आत्या म्हणाली, "खाते." "तो सगला बंद. कोंड्याची भाकर खावानी." आत्याने कोंड्याची भाकर केली. एक घास खाल्ला आणि उरलेली गाईपुढे टाकली. गाईने हुंगली आणि मान फिरवली. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, सांगोवांगी नाही. त्याला आत्या जरा रुळवतेय, तर त्याची बदली सुरतेला.

मग आला गोव्याचा डाक्तर. मिशा वर वळवलेल्या, आवाज एकदम मऊ. "बाय, तू पाणी मात्शें उणें पी गो." म्हणजे जरा कमी पी. आत्या म्हणाली, "अरे बाबा, तहान मला लागते, मी लावून घेत नाही." तरी तो चांगला. आत्याचं बोलणं अर्धं त्याला कळायचं नाही, पण ऐकून घ्यायचा पूर्ण. आत्या त्याला दवाखान्यात घरचं लोणचं घेऊन गेलेली. तिसऱ्यांदा गेलो तर खुर्चीवर दुसराच. लोणच्याची बरणी कंपौंडरकडे सापडली, रिकामी.

हा दुसरा म्हणजे पुण्याचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, पण बोलायचा छापल्यासारखं. "आपण मिष्टान्न वर्ज्य करावे. दुग्धही वर्ज्य करावे." आत्या म्हणाली, "मिष्टान्न आमच्याकडे श्राद्धाला होतं. आता पितरांना काय सांगू, डाक्तर नाही म्हणतो?" आणि तिने खास त्याच्यासाठी बांधलेला उखाणा घेतला.

"साखर गेली, गूळ गेला, गेली दुधावरची साय, रघुनाथराव तेवढे राहिले, त्यांचं सांगा करू काय?"

तो लाल झाला. पण रघुनाथरावांना वर्ज्य मात्र केलं नाही.

हे रघुनाथराव म्हणजे आमचे तात्या. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. आत्या बोलायची म्हणून तात्या बोलायचे नाहीत, की तात्या बोलायचे नाहीत म्हणून आत्याला बोलावं लागायचं, हे आळीत कोणाला सांगता आलेलं नाही. प्रत्येक खेपेला तात्या दवाखान्यापर्यंत यायचे आणि छत्री घेऊन बाहेर कडुनिंबाखाली उभे राहायचे. ऊन असो, पाऊस असो, काही नसो. आतून उखाण्यातलं आपलं नाव ऐकू आलं की छत्री या हातातून त्या हातात घ्यायचे. त्यांचं बोलणं तेवढंच.

सगळ्या डाक्तरांचं ऐकलं तर आत्याने काय खायचं, याचा मी एकदा हिशेब लावायला बसलेलो. भात गेला, गोड गेलं, दूध गेलं, पाणी कमी. उरली कारली. आत्या म्हणाली, "असं नसतं रे मेल्या. ज्याचं जे सोपं असेल तेवढं त्याचं ऐकायचं. कोणाला वाईट वाटायला नको."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग पायाचं निघालं.

आत्याच्या डाव्या पायाच्या बोटात जोडवं होतं, लग्नातलं, चांदीचं. बोट सुजलं, जोडवं रुतलं आणि खाली जखम झाली. आत्याला पत्ता नाही. दुखलंच नाही. "दुखत नाही म्हणजे बरं आहे," असं ती म्हणायची. आम्हालाही ते खरं वाटलं. पुण्याच्या डाक्तराने बघितलं आणि त्याचं छापलेलं बोलणं एकदम गेलं. "बाई, हे जोडवं आत्ताच्या आत्ता काढा."

आत्या म्हणाली, "वा रे वा! नवरा बाहेर धडधाकट उभा आहे आणि जोडवं काढू?"

"उजव्या पायात आहेच की."

"गाडी एका चाकावर चालते का?"

"हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे."

"तुझ्या आईच्या पायात आहेत का जोडवी?"

"आहेत."

"मग आधी तिची काढून ये. मी इथेच बसते."

तो गेला नाही, पण महिन्याभरात त्याची बदली झाली. पुढच्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. नाव काय, तहान किती, हे बोटात काय आहे, काढा. आत्याने पुन्हा पहिल्यापासून भांडण केलं. त्याच्या पुढचा नुसता मलम देऊन मोकळा झाला. प्रत्येक जण भांडणाच्या पहिल्या पायरीवर यायचा, आणि तो दुसरीवर चढेपर्यंत सरकार त्याला उचलायचं. तोवर बोट काळं पडलं.

मग ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं, गोऱ्या साहेबाकडे. मी बरोबर, कारण आळीत त्यातल्या त्यात इंग्रजी माझं. तात्या बरोबर, छत्री घेऊन. आगगाडीत आत्या खिडकीशी बसून मुंब्र्याचा डोंगर बघत होती. एकदम म्हणाली, "पाय कापतात का रे तिथे?" मी म्हटलं, "छे, औषध देतात." ती म्हणाली, "तू खोटं बोलतोस तेव्हा तुझी नाडी बघावी लागत नाही."

साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं. आत्याने तिथेही उखाणा घेतला, पण आवाज बारीक होता. मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, की नवऱ्याचं नाव रघुनाथ आहे आणि खाडीला भरती आली आहे. साहेबाने खिडकीतून बाहेर बघितलं. मग पाय बघितला आणि फार वेळ बघत राहिला. म्हणाला, जोडवं आज काढायचं आणि बोटही आज काढायचं. उद्यावर टाकलं तर पाय, आणि त्याच्यानंतर मला विचारायला येऊ नका. मी हे मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य गाळलं, पण आत्याला ते साहेबाच्या तोंडावरून कळलं.

ती म्हणाली, "बोट काढा म्हणावं. जोडवं नाही."

मी म्हटलं, "आत्या, जोडवं काढल्याशिवाय बोट कसं निघेल?"

"ते त्याने बघावं. शिकलाय ना?"

साहेब चिडला. डाक्तर चिडला की कुठल्याही भाषेत सारखाच दिसतो, नाकाने श्वास घेतो. आत्या रडत नव्हती, पण पायावर पदर ओढून धरलेला, दोन्ही मुठींनी. आणि तेव्हा दाराशी पावलं वाजली. तात्या आत आलेले. इतक्या वर्षांत कुठल्याही डाक्तरासमोर पहिल्यांदा. छत्री मिटायला विसरलेले, ती दारात अडकली. ती सोडवून भिंतीला टेकवली आणि आत्याच्या पायाशी जमिनीवर बसले.

"अगं, मंगळसूत्र तुटलं तर काय करतेस?"

आत्या म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"काय करतेस ते सांग."

"नवं ओवेपर्यंत हळकुंड बांधते दोऱ्याने."

"मग पायाला बांध. आधी हळकुंड, मग जोडवं निघेल. मध्ये एक क्षण मोकळा राहायचा नाही. मी बसलोय इथे बघायला."

आत्याच्या मुठी सैल झाल्या.

मी साहेबाला म्हटलं, एक हळकुंड पाहिजे. त्याला वाटलं, औषध म्हणून. मी म्हटलं, औषधच. शिपाई बाजारात पिटाळला. साहेब, त्याचा मदतनीस, गुंगीचं वासाचं औषध घेऊन उभा असलेला डाक्तर, सगळे हळकुंडाची वाट बघत उभे. हळकुंड आलं तर दोरा नाही. साहेबाने स्वतःच्या हाताने, जखम शिवायच्या रेशमाचा तुकडा कापून तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी हळकुंड आत्याच्या शेजारच्या बोटाला बांधलं. त्यांचे हात मालाच्या गोण्यांना चिठ्ठ्या बांधणारे, गाठ पक्की बसली. मग साहेबाने कातरीने जोडवं तोडलं. टक्‌ असा आवाज झाला. आत्याने तात्यांकडे बघितलं, हे अजून जागेवर आहेत का ते. होते.

बोट गेलं, पाय राहिला. आठवड्याने पट्टी बदलायला ठाण्याला गेलो तर साहेब रजेवर विलायतेला गेलेला. त्याच्या जागी नवा साहेब. त्याने पट्टी सोडली आणि विचारलं, बोट कुठे गेलं? मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "सांग त्याला, तुमच्याकडेच ठेवून गेले होते."

पुढे बरेच महिने ती चालली. घरातल्या घरात, मग परसापर्यंत, मग शेजारणीकडे भांडायला. त्यानंतर डोळे अधू झाले. मग एक दिवस अंथरुणावरून उठलीच नाही. नुसती झोप, मध्येच जाग, पुन्हा झोप. मी दवाखान्यातून डाक्तराला घरी घेऊन आलो. अर्थातच नवा. कालच आलेला, कुठून तरी सोलापुराकडून. बिछान्याशी बसला आणि सुरुवात केली. हे कधीपासून? खातात काय? पायाला काय झालं?

आत्या डोळे मिटून पडलेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या बोलायला लागले. भिंतीला टेकून, खाली बघून, मालाची यादी वाचावी तसे. मुंग्या कधी दिसल्या. वैद्यबुवा काय म्हणाले. पारशाने काय बंद केलं, गोव्याच्याने काय कमी केलं, कोणाचं तिने किती ऐकलं आणि कोणाचं ऐकल्याचं नुसतं दाखवलं. तहान कुठल्या महिन्यात वाढली. रात्री किती वेळा उठते. जखम पहिल्यांदा कोणी बघितली, कोणी फक्त मलम दिला. कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या माणसाला आतलं सगळं ऐकू येत होतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डाक्तराला विचारायला काही उरलंच नाही.

"आणि बोट काढलं त्या दिवशी," तात्या शेवटी म्हणाले, "ती जराही घाबरली नाही."

आत्याचे डोळे मिटलेलेच होते. त्यानंतर ती माझ्या ऐकण्यात कधी बोलली नाही, पण तेव्हा ती अगदी स्वच्छ बोलली.

"घाबरले होते हो," ती म्हणाली. "बाकी सगळं बरोबर आहे."