घूस, बगळा आणि चिवड्याची बशी

आमच्या मामेसासऱ्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, एक घूस आणि दुसरा बगळा. शिक्षण, पत्रिका, पगार हे सगळं नंतर. औरंगपुऱ्यातल्या किराणा दुकानात उभी हयात घुशींशी झुंजण्यात गेली आणि रोज सकाळी खाम नदीकाठी फिरताना बगळे दिसले, एवढ्या अभ्यासावर त्यांनी हा सिद्धान्त उभा केला होता. घूस उकरते, साठवते, पण आभाळ बघत नाही. बगळा एका पायावर तासन्‌तास वाट बघतो, पण उद्याची सोय करत नाही. "तुमची मामी घूस व्हती, मी बगळा, म्हणून संसार झाला. दोन घुशी आल्या की घराचा पाया गेला, जावईबापू! दोन बगळे आले की चूल थंड." मी कोण, असं विचारलं की उसासा टाकत. "तुमचं अजून ठरंना."

मामी गेल्यावर या सिद्धान्ताला धार आली, कारण घरात लग्नाची मुलगी होती. सुनंदा दुकान सांभाळी, घर सांभाळी, वडिलांच्या गोळ्यांच्या वेळाही सांभाळी. म्हणजे पक्की घूस. तिला बगळाच हवा. मग येईल त्या मुलापुढं चिवड्याची बशी ठेवायची आणि तो कसा खातो ते बघायचं. तळ उकरून शेंगदाणे काढले की घूस, नापास. बशीकडं नुसता बघत बसला तर, "ह्यो लईच बगळा." तोही नापास. अशी चांगली चांगली स्थळं चिवड्यात अडकली आणि सुनंदा तिशीला टेकली. ही पोर अशीच राहते की काय, याचा आम्हाला घोर लागला होता.

शेवटी देवगाव रंगारीकडचा, चिकलठाण्याला कारखान्यात असलेला एक मुलगा आला. त्यानं चिवडा खाल्ला आणि शेंगदाणे तेवढे कडेला काढून ठेवले. मामांनी माझ्या मांडीला चिमटाच काढला. "साठवतोय! घूस!" मग मोठ्यानं म्हणाले, "शेंगदाणे का ठेवले हो?"

"दाढ दुखती," तो ओशाळून म्हणाला.

सुनंदा फिस्सकन हसली. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीनं हसायचं नसतं, हे ती विसरलीच. पाहुणे गेल्यावर मामांनी नेहमीसारखं "नाय जमायचं" म्हटलं, तशी ती पुढं आली.

"मला हेच स्थळ पसंत हाय, आप्पा. आणि आई गेली तवापासून घूस तुमीच झालाय. मला साठवून ठेवलंय तुमी."

मामा बराच वेळ त्या बशीकडं बघत राहिले. मग कडेचा एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "व्हय गं," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

आता रविवारी लेक-जावई जेवायला येतात. मामा सकाळपासूनच फाटकाच्या खालच्या गजावर एक पाय ठेवून उभे असतात. बगलेत डबा असतो. जावयाच्या दाढेला सोसतील असे दाण्याच्या कुटाचे मऊ लाडू ते आठवडाभर त्यात साठवतात.

"मामा, मग तुम्ही नक्की कोण?" मी परवा विचारलं.

"गप बसा, रिक्षा आली वाटतं."

ती रिक्षा पुढं निघून गेली. मामांनी डबा बगलेत नीट धरला आणि गजावरचा पाय बदलला.