वामन सरांनी न केलेली सही

वामन सर दर महिन्याच्या एक तारखेला पाववाल्या पोदेराशी वाद घालायचे. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की सर फाटकात हजर. पोदेराला महिन्याचे पैसे आगाऊ हवे असायचे. सर म्हणायचे, "आजचा रुपया आणि तीस तारखेचा रुपया एक नव्हे. आगाऊ देतो, पण मग पाव स्वस्त दे." पोदेर पिशवी कुंपणाला अडकवत म्हणायचा, "सर, फाल्यांचो पाव तुमकां फाल्यांच मेळटलो. पयशे मात आज जाय." उद्याचा पाव उद्याच, पैसे मात्र आजच, या हिशेबावर सर हसायचे आणि मुकाट पैसे काढून द्यायचे.

डिचोलीच्या कॉलेजात ते आम्हांला वित्त शिकवायचे. उद्याची मिळकत आज किती मोलाची, हे काढायला एक दर लावावा लागतो, आणि तो दर ज्या त्या धंद्याच्या जोखमीप्रमाणे बदलतो. त्यांचं सगळं शिकवणं या एका गोष्टीभोवती फिरायचं. "कंपनीचा एकच दर सगळीकडे लावतो तो कारकून," ते म्हणायचे. मी एकदा तसा लावला तेव्हा उत्तराखाली शून्य दिलं आणि वर विचारलं, "हा दर कुणाच्या खिशातला आणलास रे?" त्यांच्यासारखा शिक्षक मला दुसरा भेटला नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल बरं काही लिहायचं नाही.

सर आमच्याच गावचे. आमच्या झरीच्या पाण्यावर पावसाळ्यानंतर वायंगणाचं भात व्हायचं आणि बांधाच्या कडेनं बायका मिरची, अळसांदे, तांबडी भाजी लावायच्या. भात पुरुषांचं, भाजी बायकांची. सरांची आई याच भाजीच्या टोपल्या डिचोलीच्या बाजारात नेऊन बसायची. सरांचं शिक्षण त्यातून झालं.

शेजारच्या खाणीला खड्डा खोल करायचा होता. तसं झालं की झर आटणार, हे कंपनीलाही मान्य होतं. ती शेतकऱ्यांना एकरकमी भरपाई देणार होती, आणि ती ठरवायला तिनं निवृत्त झालेल्या वामन सरांना नेमलं. सरांनी घरोघरी जाऊन पुरुषांना विचारलं, "वायंगणातून काय येतं?" पुरुषांनी भात सांगितलं. "आणखी काही?" "ना." माझ्या बापानंही हेच सांगितलं. भाजी ही बायकांची हौस, ती कोण सांगणार? सरांनीही लिहून घेतलं नाही. त्यांना माहीत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

देवळाच्या मंडपात सरांनी तक्ता वाचला. दर बारा टक्के. "तीस वर्षांनंतरचा रुपया आज साडेतीन पैशांचाही नाही," त्यांनी समजावलं. लोक माना डोलावत होते. मागून सुभद्राकाकी उठली. ती सरांच्या आईच्या शेजारी बाजारात मिरची विकायला बसायची.

"रे वामना, ह्यात माझी मिरसांग खंय आसा?"

"काकी, ज्याची नोंद नाही ते यात धरता येत नाही."

"मगे तुज्या आवयन तुजी फी कशी भरली?"

बायका हसल्या. सरांनी पान उलटलं.

मी तेव्हा खाणीविरुद्ध पत्रकं काढत होतो. रागानं स्वतःच एक तक्ता मांडला आणि दर लावला शून्य. पाण्याला कसलं आलंय व्याज? छापण्याआधी तो घेऊन सरांकडे गेलो; भांडायलाच गेलो होतो. सरांनी लाल पेन काढलं. "शून्य कोणी ऐकणार नाही. बारा हा खाणीच्या धंद्याचा दर. झरीला तेवढी जोखीम नाही, ती माझ्या आजोबांच्या आधीपासून वाहतेय. चार घे." मग तक्त्याखाली नवी ओळ आखून लिहिलं, 'भाजी'. मिरची, अळसांदे, कोणत्या महिन्यात किती टोपल्या, सगळं तोंडपाठ. दर उतरला, भाजी मिळाली, आणि रक्कम कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी पट झाली. एवढी भरपाई द्यायची तर खड्डा खोल करणं कंपनीलाच परवडलं नसतं.

"सर, खाली सही करा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्यांच्या अहवालावर माझी सही आहे. एकाच झरीवर दोन सह्या कशा करू?"

"पहिली चुकीची होती म्हणून."

"चूक नव्हे रे. ते गृहीतक होतं."

पंचायतीत सुनावणी झाली. मी तक्ता पुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हा कोणी केला?" सर दुसऱ्या रांगेत, कंपनीच्या माणसांशेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"मी," मी म्हटलं.

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"तज्ज्ञाची सही नाही," असं म्हणून अधिकाऱ्यांनी कागद बाजूला सारला. संध्याकाळपर्यंत गावानं बारा टक्क्यांच्या तक्त्यावर सह्या केल्या. माझ्या बापानंही केली.

झर दुसऱ्याच वर्षी आटली. त्यानंतर सर फार दिवस जगले नाहीत. कॉलेजनं स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तो हा. छापतील असं वाटत नाही.

सुनावणीच्या दिवशी पंचायतीबाहेर ते माझ्याजवळ आले होते. हळूच म्हणाले, "तुझा तक्ता अगदी बरोबर होता. परीक्षेत पैकीच्या पैकी दिले असते."

"सर, हे आत बोलायचं होतं."

कंपनीच्या गाडीचं दार कोणीतरी त्यांच्यासाठी उघडून धरलं होतं. ते आत जाऊन बसले.