ढेपेच्या जाहिरातीतली शीळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. राग मानू नका... माझा धंदाच तसा आहे. मी आवाजांत काम करते, आणि प्रत्येक आवाज कुठून तरी यावाच लागतो असं माझं पक्कं मत होतं. आमच्या पांढुर्ण्यात कुणाच्या घरी 'कोणीतरी कण्हतं' असं झालं की लोक मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठवतात. आजवर त्यात एक सैल झालेला पंखा निघाला, एक बोअरची मोटर निघाली, आणि एकदा शेजारच्या गृहस्थांचं घोरणं निघालं. भूत काही निघालं नाही.

मी जाहिरातींच्या मागे वाजणारं संगीत बनवते. शब्द नाहीत, गाणं नाही, फक्त मागचं वाजवणं. साड्यांचं दुकान, संत्र्याच्या कलमांची नर्सरी, कोचिंग क्लास... आमच्या पट्ट्यात केबलवर, व्हॉट्सॲपवर आणि भोंगा लावून फिरणाऱ्या ऑटोवर जे अर्धा मिनिट वाजतं, त्यातलं बरंच माझं असतं. सासरी गच्चीवर एक खोली आहे. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना मी जुन्या कापसाच्या गाद्या ठोकल्यात. सासूबाई तिला गादीघर म्हणतात. हाच माझा स्टुडिओ.

माझं माहेर सौंसर आणि लोधीखेड्याच्या मधे. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं ते त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांनी. शेतकरी माणूस. त्यांना माझा धंदा काही केल्या पटत नसे. जाहिरातीत बोलणाऱ्याला जागा मिळावी म्हणून संगीत खाली घ्यावं लागतं, ते लोकांच्या लक्षात येता कामा नये, असं मी समजावून सांगितलं की ते मिशीत हसायचे.

"आयकू येऊ नाही म्हून वाजवतं? मंग वाजवतंच कायले बाई?"

"काढून पाहिलं की समजते मोठे बाबा. काहीतरी कमी हाय असं वाटते."

"हे त मीबी जन्मभर करून राहिलो," ते म्हणायचे. मला वाटायचं, थट्टा चालली आहे.

ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बैल पाण्यावर आला की शेतकरी बाजूला उभा राहून हळूहळू शीळ घालतो, आणि बैल पोटभर पितो. सगळेच घालतात, पण प्रत्येकाची वेगळी. मोठ्या बाबांची लांब, खाली उतरत जाणारी, आणि शेवटी वर एक बारीक झटका... कारण त्यांच्या पुढच्या दातांत फट होती आणि तिथून वारा निसटायचा. मला ती शीळ फार आवडायची. एकदा माइक घेऊन गेले आणि म्हटलं, जाहिरातीत घालते तुमची शीळ. ते ऐटीत बसले, ओठ जुळवले, आणि हसायलाच लागले. "बैल कुठी हाय? बैलाबिगर शिट्टी कशी निंघन?" मग ते राहूनच गेलं. त्यांची शीळ कुठेही रेकॉर्ड झालेली नाही, हे मुद्दाम सांगून ठेवते.

गेल्या श्रावणाच्या सुरुवातीलाच मोठे बाबा गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. मोठ्या आईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सावरण्यात माझं रडणंसुद्धा राहून गेलं.

घरी आता ट्रॅक्टर आहे, पण त्यांनी एक म्हातारा बैल हट्टाने ठेवला होता. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांद्या. ते गेले त्या दिवसापासून चांद्याने गोठ्याजवळच्या पाण्याच्या टाक्याला तोंड लावणं सोडलं. त्यांच्या मुलाने, दिनूदादाने शीळ घालून पाहिली, शेजाऱ्यांनी घालून पाहिली. चांद्या मान फिरवून उभा. ओल्या चाऱ्यावर कसाबसा तगला होता. बांबूच्या नळीने पाणी पाजावं लागे, आणि त्यातलं अर्धं दिनूदादाच्या अंगावर. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि स्पष्ट सांगितलं, हा स्वतःहून प्यायला नाही तर जाईल. दिनूदादा जामसावळीला जाऊन मारुतीला नारळसुद्धा फोडून आला.

तेरवीनंतर मी निघाले तेव्हा मोठी आई म्हणाली, "हाही यांच्या मांगं चालला बाई. मंग मी सकाळी उठून गोठ्यात कोणासाठी जाऊ?" ती नीट जेवतही नव्हती. चांद्या गेला तर तिचंही खरं नाही, हे मला आणि दिनूदादाला दोघांनाही दिसत होतं.

पांढुर्ण्याला आले तर पोळ्याआधी द्यायची एक जाहिरात तुंबलेली. सरकीच्या ढेपेची, जनावरांना घालतात ती. दुकानदार सारखा फोन करत होता. दुपारी गादीघरात बसले. ढोलकी, बासरी, घुंगरू... सगळं कीबोर्डमधलं. माइक तर घरात नव्हताच, तो सासूबाईंच्या भजनी मंडळाने नेला होता; बोलणाऱ्याचा आवाज दुकानदारानेच रेकॉर्ड करून पाठवला होता. बोलणारा ढेपेचं नाव घेऊन थांबतो, तिथे सगळं खाली घेऊन जरा मोकळी जागा सोडली, आणि फाईल पाठवून दिली.

लगेच दुकानदाराचा फोन. "मॅडम, एक नंबर झालं. शिट्टी कोनाची हाय?"

कसली शिट्टी? हेडफोन लावले. ढोलकी, बासरी, बोलणाऱ्याचा आवाज, मग सगळं खाली उतरतं... आणि त्या मोकळ्या जागेत ती. लांब, खाली उतरत जाणारी, शेवटी वर बारीक झटका.

मी काय केलं? कामात जे करते तेच. एकेक ट्रॅक एकटा लावून ऐकला. एकातही शीळ नाही. सगळे एकत्र करून फाईल काढली की आहे. नवऱ्याच्या लॅपटॉपवर काढली, तरी आहे. सासूबाईंना बोलावून ऐकवली, तर त्या म्हणाल्या, "कोणीतरी बैलाले पाणी दावून राहिलं."

भीती वाटली का, असं विचाराल. नाही वाटली. मोठे बाबा होते ते... त्यांची कसली भीती? इतके दिवस अडलेलं रडू मात्र तेव्हा आलं, आणि रडता रडता चांद्या आठवला.

दुसऱ्या दिवशी छोटा स्पीकर पर्समध्ये टाकून सौंसरची बस धरली. चांद्याला टाक्यापाशी आणून उभं केलं. फासळ्या वर आल्या होत्या.

"ढेपेची ॲड आयकवून राहिली काय बैलाले?" दिनूदादा म्हणाला. "लय शहानी झाली पांढुर्ण्यात जाऊन."

मी बटण दाबलं. ढोलकी वाजली, चांद्या ढिम्म. बोलणारा बोलला, चांद्या ढिम्म. मग शीळ आली.

चांद्याचा एक कान वळला. मग दुसरा. त्याने स्पीकरकडे पाहिलं नाही. मोठे बाबा टाक्याच्या पलीकडे उभे राहायचे, त्याने तिकडे पाहिलं, आणि तोंड पाण्यात घातलं. जाहिरात संपली तसं वर काढलं. मी परत लावली. तो परत प्यायला. दिनूदादाने हातातला दोर सैल सोडला.

शीळ ऐकून मोठी आई मागच्या दारात आली. तिने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग टाक्याच्या पलीकडे बघून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आज उशीर झाला तुमाले."

तेव्हा मला मोठ्या बाबांचं ते 'मीबी जन्मभर करून राहिलो' कळलं. चांद्या काही इतकी वर्षं कान देऊन शीळ ऐकत नसेल. ती मागे असायची आणि तो पाणी प्यायचा, एवढंच. निघून गेली तेव्हा कमी पडली. आम्ही दोघं एकाच धंद्यातले होतो, आणि मी त्यांना माझा धंदा समजावून सांगत होते.

मग रोज दिनूदादा जाहिरात लावायचा. चांद्या हळूहळू भरत गेला. मोठी आई गोठ्यात यायला लागली, आणि एक दिवस तिने भाकर मागून घेतली. घरात दुखवटा होता म्हणून पोळ्याचा सण धरला नव्हता, तरी तिने आदल्या दिवशी चांद्याचे खांदे हळद-तुपाने शेकले. पोळ्याला मी तिथेच होते. दिनूदादाने नेहमीसारखी जाहिरात लावली. ढोलकी, बासरी, सगळं खाली आलं... आणि पुढे नुसती मोकळी जागा. शीळ नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चांद्या मात्र पीतच राहिला. पोट भरल्यावर आपला आपण बाजूला झाला.

मी माझी फाईल पाहिली, त्यात नाही. लॅपटॉपवर नाही. तेवढ्यात ढेपवाल्याचा फोन. "मॅडम, शिट्टी काऊन काढली? तेच त चांगली होती." त्याच्याच मोबाईलमधली जुनी फाईल होती ती... मी तिला हात कशी लावणार?

माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. बासरी आणि घुंगरू मिसळून कानाला असा भास होऊ शकतो, असं तो म्हणतो. होत असेल. पण मग तो भास दुकानदाराला आणि चांद्याला एकसारखा कसा झाला? आणि सगळ्यांचा एकाच दिवशी कसा गेला? तुमच्यापैकी कुणी आवाजाच्या कामातलं असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन.

मोठ्या आईला मात्र यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. मी एकदा म्हटलं, आता शीळ नाही, मग चांद्या पितो कसा?

"तुले आयकू येत नाही म्हून काय झालं? त्याले येऊन राहिलं."

आता चांद्याला पाण्यावर तीच आणते. टाक्याच्या अलीकडे, त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहते. पलीकडची जागा मोकळी सोडते.